चाळीस काळे पट्टे

आयुष्यात एकदाच मी चाळीस घरांत एकदम सुतक पाडलं. त्या घरांना न विचारता, आणि एकही माणूस न दगावता. त्या घरांतल्या बायका आजही ठणठणीत आहेत आणि भेटल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काय गं, आज कोणाला मारलंस?" म्हणून म्हटलं, हा सगळा प्रकार आपणच एकदा नीट सांगून टाकावा. दुसऱ्या कोणी सांगितला तर माझी भूमिका छोटी होईल.

कोरोनाचा पहिला हिवाळा होता. आम्ही राहतो हेगजवळ झूटरमेरला, तिसऱ्या मजल्यावर. बाहेर लांबलचक गॅलरी आणि तिच्यावर ओळीने सगळ्यांची दारं. नवऱ्याचं हेगचं ऑफिस उठून आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं. मुलीची शाळा तिच्या पलंगावर भरत होती. आणि माझा धंदा बसला होता. माझा धंदा म्हणजे बोलणं. चौदा वर्षांपूर्वी मी नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला लटकून इथे आले. त्याआधी सोलापुरात आणि पुण्यात हौशी नाटकं केली होती, ती खाज अंगात होतीच. त्यामुळे इथल्या गणपतीत निवेदन माझं, दिवाळीत निवेदन माझं, बारशाला बोलावलं तर तिथेही पाळण्याशेजारी उभं राहून निवेदन माझं. त्या वर्षी गणपती स्क्रीनवर आणि दिवाळीही स्क्रीनवर. सगळ्यांचे आवाज बंद ठेवलेले. मी विनोद करायची आणि समोरच्या चौकटींमध्ये नुसते दात दिसायचे. हशा नाही, टाळी नाही. शेवटी मी फ्रीजशी बोलायला लागले. तो निदान मधूनमधून गुरगुरतो तरी.

मला वाचवलं ते शेजारणीने. आमच्या शेजारच्या दारात राहणारी ही बाई पेरू देशातली, तिथल्या उंच डोंगरातल्या खेड्यातली. डच माणसाशी लग्न करून वीस वर्षं इथे आहे. इथे शेजारणीला 'ब्यूरफ्राउ' म्हणतात, म्हणजे शेजारीणबाई. आम्ही दोघी एकमेकींना तेच म्हणतो. तिचं डच चुरुचुरु, माझं धडपडत चालणारं. पण हातवारे मी फुकट देते, त्यामुळे आमचं छान जमतं.

सप्टेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी मी दार उघडलं तर ब्यूरफ्राउ गॅलरीत जमिनीवर बसलेली. समोर रंगीत सुतांचा लांब ताणा. त्याचं एक टोक गॅलरीच्या कठड्याला बांधलेलं आणि दुसरं टोक चक्क तिच्या कमरेला! ती मागे रेलली की सुतं ताठ व्हायची, पुढे झुकली की सैल. हातातल्या गुळगुळीत हाडाने ती एकेक सूत उचलत होती आणि कापडावर इवलासा पक्षी उमटत होता.

माझं माहेर सोलापूरचं. माग म्हटलं की माझ्या कानात खडखडाट सुरू होतो. चादरींच्या कारखान्यामागेच आमचं घर होतं. पण हा माग एकदम मुका. त्याला खांब नाहीत, चाकं नाहीत. बाई हाच एक खांब.

"मला शिकव," मी म्हटलं. मला बोलायला माणूस हवं होतं. विणकामाशी माझं काही देणंघेणं नव्हतं, हे आत्ता कबूल करते.

शिकवता शिकवता तिने तिच्या बहिणीची गोष्ट सांगितली. बहीण अजून त्याच खेड्यात. त्यांच्या आज्या असे पट्टे, शाली विणायच्या. आयांच्या वेळेपर्यंत कारखान्यातला स्वस्त माल आला आणि माग गुंडाळून आढ्याला गेले. मग या बहिणीने गावातली जुनी नक्षी येणारी शेवटची म्हातारी गाठली. तिच्याजवळ बसून एकेक सूत मोजत सगळी नक्षी शिकली आणि गावातल्या दहा बायकांना शिकवली. अकरा जणींचा गट झाला. पर्यटक पट्टे विकत घ्यायचे आणि उरलेले इथे ब्यूरफ्राउच्या शनिवारच्या बाजारातल्या टपरीवर यायचे. बायकांच्या हातात स्वतःचे पैसे आले. 'काय त्या दोऱ्या ओढत बसता' म्हणणारे नवरे मुकाट्याने मेंढ्या कातरायला लागले.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता पर्यटक नाहीत, माझी टपरी बंद. नवीन वर्षापर्यंत काम मिळालं नाही तर माग परत आढ्याला. तिघींनी गाठोडी बांधलीसुद्धा. खाली समुद्राकडे अॅस्परॅगसची मोठी शेतं आहेत, तिथे मजुरीला जाणार. एकदा गट फुटला की माझी बहीण एकटी काय करणार? ती नक्षी तिच्याबरोबरच जाईल."

मी हसत होते ते थांबले. नंतर कितीतरी दिवस मला दुकानात पेरूच्या अॅस्परॅगसची जुडी उचलवेना.

माझं शिक्षण म्हणाल तर ते दोन आठवड्यांत आटोपलं. पावसाला सुरुवात झाली म्हणून मी ताण्याचं टोक घरात, मीटरच्या कपाटाच्या कडीला बांधलं. इथे प्रत्येक घरात दाराजवळ एक कपाट असतं; विजेचा मीटर, गॅसचा मीटर आणि इंटरनेटचा डबा सगळं त्यात. मी कमरेला पट्टा आवळून, मागे रेलून, जीभ बाहेर काढून सुतं मोजत होते. एवढ्यात नवऱ्याचं इंटरनेट गेलं. तो मिटिंगमधून तणतणत आला आणि त्याने कपाटाचं दार खाडकन उघडलं.

मी बसल्या जागेवरून त्याच्या पायापर्यंत घसरत गेले.

"अगं, हे काय?" तो घाबरून म्हणाला.

"नमस्कार करत होते. आशीर्वाद द्या!"

मागून लेक म्हणाली, "आई, दू नॉर्माल." म्हणजे, जरा माणसासारखं वाग. इथली मुलं आईवडिलांना हे वाक्य रोज ऐकवतात.

ब्यूरफ्राउने माझा तो वीतभर तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. सरळ चाललेली किनार एका जागी नागासारखी वळली होती. "इथे दार उघडलं," ती म्हणाली. मग बोट वर सरकवलं. "आणि इथे? इथे, आणि इथे?"

"तिथे मला हसू आलं होतं."

"विणताना हसायचं नाही. पोट हललं की कंबर हलते, कंबर हलली की ताण जातो. कापड सगळं सांगतं." मग तीच हसली. "माझ्या बहिणीच्या बायकांना हे हजारदा सांगून झालं. अकरा जणी एकत्र बसल्यावर कोण ऐकतंय?" आणि तिने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. डोंगरउतारावर अकरा बायका, डोक्यावर टोप्या, कमरेला माग, आणि सगळ्या खिदळतायत. एक तर हसता हसता आडवी झालेली.

मला त्या क्षणी त्या अकरा जणी भयंकर आवडल्या. माझे प्रेक्षक तिथे होते!

दिवाळी झाली आणि आमच्या बायकांच्या ग्रुपवर संक्रांतीची चर्चा सुरू झाली. एरवी आम्ही हॉल घेऊन हळदीकुंकू करतो. झूटरमेरच्या, एनस्खेडेच्या, वाखनिंगनच्या मिळून चाळीसेक जणी जमतात. त्या वर्षी घरी दोन पाहुण्यांच्या वर बोलवायची सोय नव्हती. म्हणून ठरलं की रथसप्तमीच्या आत एक दिवस स्क्रीनवर हळदीकुंकू आणि वाण पोस्टाने. आता वाण काय लुटायचं? माझ्याकडे आजवरच्या वाणात आलेल्या सात चहाच्या गाळण्या आहेत. चहा आम्ही दोघेच पितो.

मी जाहीर केलं, "या वर्षी सगळ्यांत मिळून एकच वाण. हाताने विणलेला कंबरपट्टा! साडीवर बांधा, ड्रेसवर बांधा. अकरा बायकांना काम मिळेल आणि आपल्याला गाळणी मिळणार नाही."

चाळीस अंगठे वर आले. "पण काळा हं!" एकीने लिहिलं. मग सगळ्यांनीच. अर्थात काळा, संक्रांतीला नाहीतर कधी?

"बट आई," लेक म्हणाली, "कॉलवर कोणाची कंबर दिसते?"

मी दुर्लक्ष केलं. दूरदृष्टीच्या माणसाकडे लोक असंच दुर्लक्ष करतात, हे पुढे कळलं.

मी धावत गॅलरीत गेले आणि दीड मीटरवरून ब्यूरफ्राउला आनंदाची बातमी दिली. तो संवाद मी आजही नाटकासारखा करून दाखवते. तेव्हा मात्र आपण नाटक करतोय हे मलाच ठाऊक नव्हतं.

"ब्यूरफ्राउ, चाळीस पट्टे हवेत! बायकांच्या धार्मिक कार्यक्रमासाठी. सगळे काळे."

तिचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला. "चाळीसही काळे?"

"काळे म्हणजे काळे. त्या दिवशी आम्ही दुसरा रंग घालत नाही."

"सगळ्या तुझ्या ओळखीच्या?"

"ओळखीच्या काय, माझ्याच! दरवर्षी एकत्र जमतो. या वर्षी कोणी कोणाच्या घरी जाऊ शकत नाही. प्रत्येकीने आपापल्या घरात एकटीने करायचं."

"ते फार वाईट," ती हळूच म्हणाली.

"काय करणार? आणि आकडा वाढेल बरं का. कालच आणखी दोघींचे फोन आले."

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. मला वाटलं, काम मिळालं म्हणून देवाचे आभार मानतेय.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने माझे फार लाड झाले. दुसऱ्याच दिवशी दारात मक्याच्या सूपचं पातेलं. मग एक मेणबत्ती. मग एक कार्ड, त्यावर पांढरी फुलं. तिचा डच नवरा, जो एरवी 'हॅलो' म्हणतानाही शब्द मोजतो, तो मला पाहून टोपी काढायला लागला. नाताळात तिने लांबूनच स्वतःच्या छातीवर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मीही भावुक होऊन तसाच हात ठेवला. नवऱ्याला म्हटलं, "बघा, परक्या देशात माणुसकी अशी असते. तुम्ही कधी माझ्यासाठी सूप केलंत?"

फक्त एक गोष्ट बदलली होती. बहिणीकडचे व्हिडिओ यायचे बंद झाले होते. "त्या कामात आहेत," एवढंच ब्यूरफ्राउ म्हणायची.

पार्सल आलं ते फेब्रुवारीत, ज्या आठवड्यात इथे धो धो बर्फ पडला त्याच आठवड्यात. रथसप्तमीला मोजके दिवस राहिले होते. मी गॅलरीतलं बर्फ लाथेने बाजूला करत तिच्या दाराशी पोचले. दोघींच्या तोंडावर मास्क. तिने खोकं उघडलं.

असं काम मी पाहिलं नव्हतं. काळ्या लोकरीचे पट्टे आणि त्यांवर राखाडी सुतात बारीकशी पाखरं. कडा फुटपट्टीने आखल्यासारख्या. एका पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, कुठे केसाएवढाही वाकडेपणा नाही. वर एक पत्र होतं. ब्यूरफ्राउ ते डचमध्ये मला वाचून दाखवायला लागली.

"बायांनो, तुमच्या चाळीस घरांमध्ये जे झालं ते ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं. एवढ्या घरांत एकदम माणूस गेलेलं आमच्या गावाने कधी ऐकलं नव्हतं. काळी लोकर पुरली नाही म्हणून दोन गावं फिरून आणली. दुःखाचे काळे पट्टे आम्ही गप्प राहून विणतो. महिनाभर मागावर कोणी बोललं नाही, कोणी गाणं म्हटलं नाही. ज्या घरात माणूस गेलं त्या घराकडून आम्ही पैसे घेत नाही. तुम्ही ते पाठवू नका."

हे समजायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, पण समजलं तेव्हा एकदम समजलं. सूप, मेणबत्ती, टोपी, कार्ड सगळं धाडधाड एकावर एक कोसळलं. आणि देवाशप्पथ सांगते, मला हसू फुटलं. वाईट वाटत होतं, लाज वाटत होती, आणि हसू थांबत नव्हतं. मी कठडा धरला. माझे खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मास्कमुळे खालचं काहीच दिसत नव्हतं. ब्यूरफ्राउला वाटलं, बांध फुटला. तीही रडायला लागली.

"रड," ती म्हणाली, "रडून घे, ब्यूरफ्राउ. कोण होतं?"

मी मास्क खाली ओढला. "कोणीच नाही! कोणीही मेलेलं नाही!"

मग बर्फात उभी राहून मी तिला माझ्या मोडक्या डचमध्ये संक्रांत सांगितली. की ते थंडीचे दिवस, काळा रंग ऊब धरतो, म्हणून वर्षातल्या त्या एकाच सणाला आम्ही हौसेने काळं नेसतो. की तीळगूळ असतो, हलव्याचे दागिने असतात, नटणं असतं.

ती ऐकत राहिली. तिचे डोळे कोरडे झाले आणि मग थंड झाले.

"म्हणजे पार्टी," ती म्हणाली.

"पार्टी असं नाही, पण... हो. पार्टी."

"अकरा बायका तुमच्या पार्टीसाठी महिनाभर तोंड मिटून बसल्या. एकीने मुलीचा वाढदिवस केला नाही. आणि आता त्या पैसेही घेणार नाहीत. त्या तिघींची गाठोडी अजून सुटलेली नाहीत, माहीत आहे तुला?"

मी खोकं उचलून घरी आले.

घरी नवरा म्हणाला, "सांगायचं कशाला? पैसे गुपचूप पाठवून दे." मी ते ब्यूरफ्राउला विचारलं. ती म्हणाली, "मेलेल्याच्या घरचे पैसे आले म्हणून परत पाठवतील, वर एक मेंढी विकून कार्यक्रमाला देणगी देतील. माझ्या बहिणीला तू ओळखत नाहीस. खरं सांगावं लागेल. आणि ते तू सांगायचं, मी नाही. मी फक्त भाषांतर करीन."

म्हणून मी आमच्या ग्रुपवर पहिल्यांदाच विनोद न करता एक निरोप लिहिला आणि सगळा घोटाळा सांगितला. पट्टे पोस्टाने चाळीस घरी गेले. आमच्या गावातले मी स्वतः सायकलवर, बर्फातून, दोनदा आपटून पोचवले. हळदीकुंकवाची वेळ शनिवारी दुपारी चारची ठेवली, कारण त्या अकरा जणींनाही बोलावलं होतं आणि तेव्हा तिकडे पेरूत सकाळ असते.

शनिवारी चार वाजता चाळीस चौकटी उघडल्या. चाळीसही जणी काळ्या साड्यांत. मग एकेचाळिसावी चौकट उघडली. शाळेच्या भिंतीशी, जिथे फोनला रेंज मिळते तिथे, अकरा बायका दाटीवाटीने उभ्या. त्यांनीही काळ्या शाली घेतलेल्या. आम्हाला भेटायला आल्या होत्या ना, दुखवट्याला! मधोमध होती ती बहीण, रुंद चेहऱ्याची, भुवया अगदी ब्यूरफ्राउच्या. तिने टोपी काढली. मागच्या दहा जणींनीही काढल्या.

माझ्या शेजारी, दीड मीटरवर, ब्यूरफ्राउ बसली होती. "बोल," ती म्हणाली.

मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. "आदरणीय भगिनींनो," मी सुरू केलं, ब्यूरफ्राउने केचुआत, म्हणजे त्यांच्या डोंगरातल्या भाषेत सांगितलं, आणि पडद्यावरच्या अकरा जणींनी माना खाली घातल्या. मी म्हटलं, आमच्याकडे कोणी गेलेलं नाही. ब्यूरफ्राउने सांगितलं. बहीण हळूच काहीतरी बोलली.

"ती म्हणतेय, सुरुवातीला असंच वाटतं. मन मानत नाही."

चाळीस काळ्या साड्या समोर असताना कोण माझ्यावर विश्वास ठेवणार? त्यातच वाखनिंगनच्या चौकटीत आमच्यातली सगळ्यांत तरुण मैत्रीण तिच्या वर्षाच्या बाळाला घेऊन पुढे आली. त्याचं बोरन्हाण तेव्हाच करायचं ठरलं होतं. बाळाला नखशिखांत काळं झबलं. तिकडे एक बाई चक्क रडायला लागली. एवढंसं लेकरू, आणि दुखवट्यात!

"ओत!" मी किंचाळले. "अगं, वाट कसली बघतेस, ओत त्याच्या डोक्यावर!"

तिने ताट उपडं केलं. चुरमुरे, गोळ्या, चॉकलेटं, बिस्किटं सगळं बाळाच्या डोक्यावरून धबाधबा खाली. बाळ दचकलं. मग त्याने डोक्यावरचा एक चुरमुरा काढून तोंडात घातला आणि असं खदखदून हसलं की चाळीसही जणींनी आवाज चालू केले. वर्षभर गिळलेला हशा एकदम फुटला. मी सांगते, त्या आवाजासाठी मी आणखी चाळीस घरांत सुतक पाडायला तयार आहे.

"आता पट्टे दाखवा!" मी ओरडले. सगळ्या एकदम उठून मागे सरकल्या. आणि लेकीने सांगितलेली अडचण इथे उलटीच आली. कॅमेरे चेहऱ्यावर लावलेले. त्या उभ्या राहताच सगळ्यांची डोकी गेली. पडद्यावर नुसत्या चाळीस कंबरा! काही बारीक, बऱ्याच ऐसपैस, प्रत्येकीवर काळा पट्टा आणि राखाडी पाखरं. एक कंबर नाचायला लागली. मग दुसरी. एनस्खेडेच्या एका कंबरेने ठुमका मारला आणि तिच्या मागच्या शेल्फवरची कुंडी पडली.

मी तिकडच्या चौकटीकडे पाहिलं. बहिणीने हात तोंडावर घेतला होता. मागची एक बाई वाकली, आणखी वाकली, आणि शाळेच्या भिंतीला पाठ लावून घसरत खाली बसली. व्हिडिओत आडवी झालेली तीच ही! मग सगळ्याच. एक महिन्याची उसनवारी त्या फेडत होत्या. टोप्या पुन्हा डोक्यावर चढल्या.

खूप वेळाने बहीण बोलली आणि ब्यूरफ्राउ ऐकता ऐकताच हसू दाबायला लागली. "ती म्हणतेय, एवढं काळं नेसून एवढं हसणारे लोक तिने जन्मात पाहिले नाहीत. ती विचारतेय, मग कोणीच गेलं नाही ना? नक्की?"

"नक्की!" आम्ही ओरडलो.

पण एका चौकटीतून आवाज आला नव्हता. एनस्खेडेची एक जण, तिथल्या विद्यापीठात संशोधन करणारी, कधी फार न बोलणारी. ती खुर्चीत परत बसली होती आणि पट्ट्याचं टोक बोटांत धरून होती.

"माझे बाबा गेले," ती म्हणाली. "गणपतीच्या आधी, नाशिकला. विमानं बंद होती. लेकीला सुतक तीनच दिवसांचं, म्हणून मी कोणाला बोलले नाही. तुझा निरोप वाचला तेव्हा वाटलं, चला, माझ्यासाठी कोणीतरी गप्प बसलं होतं."

ब्यूरफ्राउने ते केचुआत सांगितलं. एकेचाळीस चौकटींत कोणी हललं नाही. फक्त बाळ चुरमुरे चावत होतं. बहिणीने फोन स्वतःच्या अगदी जवळ घेतला आणि त्या एकीशीच काहीतरी बोलली.

"तुझा पट्टा बरोबर विणला गेलाय, असं म्हणतेय ती," ब्यूरफ्राउ म्हणाली. "त्याचे पैसे नाहीत."

मग बहीण सरळ उभी राहिली, खाकरली आणि बाकीच्या एकोणचाळीस जणींकडे वळली. आता तिचा सूर बाजारातला होता. ब्यूरफ्राउने भाषांतर केलं, "उरलेल्यांनी पैसे द्यायचे. आणि भाव आधी सांगितला त्यापेक्षा जास्त. तो बोलत बोलत विणायचा भाव होता. या बायकांना महिनाभर गप्प बसवायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. त्याचे वेगळे."

एकोणचाळीस मराठी बायका, आणि एकीनेही घासाघीस केली नाही. याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी म्हणून इथे घेते.

पुढच्या आठवड्यात ब्यूरफ्राउ गॅलरीत मला म्हणाली, "दोन गाठोडी सुटली." तिसरी बाई मात्र तोवर समुद्राकडे गेली होती. गट दहा जणींचा राहिला. मे महिन्यात त्यांना आमच्याकडून गौरीच्या आरासीसाठी रंगीत पट्ट्यांचं काम गेलं, आणि या वेळी मी सण समजावून सांगायला तासभर घेतला, चित्रं काढून. सप्टेंबरात तिसरी परत आली.

दुसऱ्या वर्षीची संक्रांत आली तेव्हाही इथे सगळं बंदच होतं. पण पार्सल वेळेवर आलं. पुन्हा काळे पट्टे, ग्रुपमधल्या नव्या जणींसाठी आणि ज्यांना दुसरा हवा होता त्यांच्यासाठी. या खेपेला पत्र नव्हतं. मी माझा पट्टा उजेडाकडे धरला. कडा सरळ चालली होती, आणि मध्येच एका जागी किंचित वळली. वीतभर पुढे पुन्हा. त्याच्या पुढे तर पाखराची शेपटीच वाकडी.

मी पट्टा घेऊन ब्यूरफ्राउचं दार वाजवलं. तिने त्या वळणावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग शेपटीवर.

"इथे विणणारी हसली," ती म्हणाली. "इथे सगळ्या हसल्या. आणि इथे, बघ, ती भिंतीशी बसलेली, ती आडवी झाली."